हलीमाआपाचा ‘स्टिल’

हलीमाआपा गेल्याची तार घेऊन तिचे नवरे उस्मानभाई आमच्या दारात आले, तेव्हा त्यांना ती वाचून दाखवता येईना. नुसता कागद पुढे करून उभे राहिले. आपा हवापालटाला म्हणून बोटीने गावी गेली होती, रत्नागिरीकडे. बंदरावर तिला पोचवायला मी गेले होते, तर म्हणाली, “कोलंबीचे सोडे पाठवतंय गो जैनब, पण डबा परत कर, तुझ्याकडं गेलेला डबा माझ्या घरचा रस्ता विसरतो.” आमची शेवटची भेट ती एवढीच. जाणारं माणूस जाता जाता काहीतरी मोठं बोलून जातं म्हणतात. ही बाई मला डब्यावरून टोमणा मारून गेली.

इथे आखातात, हवल्लीत, आमची दोघींची बिऱ्हाडं एकाच अंगणाला लागून होती. तेव्हा इथेही रुपयेच चालत आणि गोडं पाणी जपून वापरावं लागे. उस्मानभाई समुद्राचं पाणी गोडं करायच्या कारखान्यात कामाला होते. खारं पाणी उकळून वाफ धरायचं जे अजस्र यंत्र असतं, त्याला ते ‘स्टिल’ म्हणत. आपा मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलेली, त्यामुळे तिला शब्दांची भारी खोड. नवऱ्याच्या जाडजूड डिक्शनरीत तिने तो शब्द शोधला आणि दुपारची भांडी घासता घासता मला बातमी दिली, “याचा अर्थ ‘अजून’ पण होतो. ‘तरी’ पण होतो. हलायचं नाय, गप बसायचं, तो पण स्टिलच. वारा पडल्यावर दर्या कसा होतो, तो पण स्टिल. एकाच शब्दाची किती घरं गो, आणि आपल्याला एक खोली मिळता मिळत नाय!” मग आमचा तो खेळच झाला. एकीने इंग्रजी शब्द काढायचा, दुसरीने त्याला मराठी अर्थ लावायचे. स्थिर, निवांत, निश्चल, निपचित... हरणारी अर्थात मीच, कारण मी चौथीतच शाळेला रामराम ठोकलेला.

लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी आपाला दिवस गेले. नववा लागला आणि तापाने फणफणली. इस्पितळात नेलं तेव्हा तिला शुद्ध नव्हती. मी व्हरांड्यात बाकावर बसले होते. नर्स बाहेर आली आणि उस्मानभाईंना तिने एकच इंग्रजी शब्द सांगितला. त्याची सुरुवात ‘स्टिल’ने झाली आणि पुढचं मला कुणी समजावून सांगायची गरजच उरली नाही. तो खेळ मी शिकले नसते तर बरं झालं असतं, असं त्या बाकावर मला वाटलं, आणि खरं सांगायचं तर आजही वाटतं.

आपाला शुद्ध आली ती दफन उरकल्यावर. मूल राहिलं नाही एवढंच तिला सांगितलं. तिने विचारलं, “काय होतं?” उस्मानभाईंनी तिच्या तोंडाशी पाण्याचा पेला धरला. आमच्या गावाकडची जुनी समजूत आहे, असं झालं की मुलगा की मुलगी ते आईला कळू द्यायचं नाही. कळलं की तिचा जीव तिथेच अडकतो आणि पुढचं मूल धरत नाही. उस्मानभाईंनी सगळ्यांकडून शपथ घेतली, स्वतःही घेतली. मायेपोटीच केलं त्यांनी ते. पण मायेपोटी केलेला जुलूम जुलूमच असतो, हे मी आज त्यांच्या तोंडावरही म्हणेन.

पुढचं मूल काही झालं नाही. आपा हसायची, बोलायची, शेजारणींची चेष्टा करायची; मात्र दुपारी बोलता बोलता एकदम थांबायची. कान द्यायची. अंगणात तर कोणी नसायचं... तिच्याबरोबर मीही ऐकत राहायचे, आणि खोटं कशाला बोलू, अंगावर काटा यायचा. दर ईदला ती दोन लहान कपडे शिवायची, एक कुडता आणि एक फ्रॉक. गेल्या ईदपेक्षा थोडे मोठे. शिवून झाले की कुणा गरिबाच्या पोरांना देऊन टाकायची. दोन का, हे मी कधी विचारलं नाही. विचारायचं काय त्यात?

अशाच एका ईदच्या आधी, धुळीचं वादळ होतं म्हणून आम्ही दारं-खिडक्या लावून बसलो होतो. आपाच्या हातात सुई होती. मान वर न करता ती म्हणाली, “जैनब, त्या स्टिलचा एक अर्थ तू मना कधी सांगितला नाय. माझा मीच शोधला.” मी तिच्याकडे बघितलं. “घाबरू नको. निपचित जन्मलेलं, असं लिवलंय. पण बघ ना, ‘जन्मलेलं’ लिवलंय. म्हणजे जन्माला आलं होतं ना गो? आलं होतं, तर आंघोळ घालूनच नेलं असणार. कोणी घातली?”

शपथ होती ती मुलगा की मुलगी हे न सांगण्याची. आंघोळ कोणी घातली याबद्दल कुणी काही बोललं नव्हतं. मी म्हटलं, “मी.”

आमच्याकडे मुलीच्या मयताला बायकांचाच हात लागतो, मग ती तान्ही का असेना. मुलगा असता तर पुरुषांनी घातली असती. आपाला हे माझ्याइतकंच ठाऊक होतं. तिने हातातला कुडता खाली ठेवला.  मग तिने विचारलं, “केस होते?” मी म्हटलं, “खूप. काळेभोर.” ती रडली, मीही रडले. थोड्या वेळाने तिने माझ्या कानाशी तोंड आणलं आणि एक नाव सांगितलं. “उस्मानला बोलू नको,” म्हणाली. “मना ठाऊक नाय असं त्याला वाटतंय, त्या आधारावर तो उभा हाय.”

ती असेपर्यंत मी शब्द पाळला. परवा, चाळिसावा झाल्यावर, उस्मानभाई आपाचे कपडे गरिबांना वाटायला म्हणून तिच्या पेटीची किल्ली द्यायला आले. दारातच घुटमळले. मग म्हणाले, “जैनब, एक विचारू? तिला कळलं होतं काय?”

“कळलं होतं.”

ते भिंतीला टेकून खाली बसले. मला वाटलं, रागावतील. पण त्यांनी एवढंच विचारलं, “नाव ठेवलं होतं तिनं?”

मी सांगितलं. मरियम. त्यांनी ते आधी ओठांतल्या ओठांत म्हणून पाहिलं आणि मग आपलं नाव जोडून मोठ्याने म्हटलं, “मरियम उस्मान.” डोळे पुसले नाहीत. जरा वेळाने उठून चपला घालता घालता माझ्याकडे न बघता म्हणाले, “दर जुम्म्याला पोरीच्या कबरीवर जातंय मी. नुसता उभा राहून परत येतंय. हाक काय मारू, तेच ठाऊक नव्हतं.”