लाल्याजवळ लावलेला दुसरा बार

हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही. फोनवर आईलाही नाही.

अणदूरच्या शिवारात एका द्राक्षबागेवर मी राखणीला आहे. सातवीत शाळा सुटली, गाव लांब भंडाऱ्याकडं. पहिल्या वर्षी तापानं पडलो, तेव्हा मालकीणकाकूंनी दहा दिवस उशाशी बसून मला पेज भरवली. हे आधी सांगतो — नाहीतर पुढचं किती वाईट, ते कळायचं नाही.

भोरड्या पाखरांचा थवा द्राक्षमण्यांवर उतरला की सुतळी बॉम्ब लावायचा, हे माझं काम. पण काकूंचा कुत्रा लाल्या आवाजाला भ्यायचा. थरथरायचा, भिंत उकरून नखं रक्ताळून घ्यायचा. म्हणून आधी त्याला आतल्या खोलीत कोंडायचं, मग बार.

दिवाळीनंतर काकूंनी खटपट सुरू केली. लांबून ताटलीवर उलथनं हळूच वाजवायचं, की लाल्याला भाकरीचा तुकडा. रोज थोडं जवळून, थोडं जोरात.

"कुत्र्याला भजनाला बसवतीस व्हय?" मालक, म्हणजे आबा, हसायचे.

"तुमाला सुदरायला तीस वर्सं लागली. ह्येला दोन म्हैनं लागू द्या की."

आणि जमत होतं हो. ताटली कानाशी वाजली तरी तो शेपूट हलवायला लागला होता.

त्या दिवशी काकू नळदुर्गच्या बाजाराला गेलेल्या. मला उशीर झाला. थवा बागेवर, आणि रस्त्यावर आबांची गाडी वाजली. काम जाईल — एवढंच डोक्यात. लाल्या मागं मागं आलेला. खोलीपर्यंत न्यायला किती वेळ लागला असता? तीन मिनिटं? मी त्याला तिथंच मांडवाच्या लोखंडी अँगलला बांधलं आणि बार लावला.

तो ओरडला. कुत्रं तसं ओरडत नाही.

इथवर घाई म्हणता येईल. पण मी दुसरा लावला. थवा तर उठून गेला होता — मग का? सवय होईल, असं वाटलं? नाही. त्याच्या भिण्याचा मला राग आला होता. म्हणून लावला, त्याच्याकडं बघत. मग सोडलं. तो ट्रॅक्टरच्या ट्रॉलीखाली शिरला.

संध्याकाळी काकूंनी ताटली वाजवली. लाल्या तिथंच मुतला. भाकरीला तोंड लावलं नाही. माझ्याकडं तर बघेचना; काकूंना वाटलं, आता सगळ्यांनाच भितोय. तीन दिवस त्यांनी बघितलं, मग ताटली भांड्यांत ठेवून दिली.

"मीच लई घाई केली का रं?" त्यांनी मला विचारलं.

"व्हय काकू," मी म्हणालो. "जरा झालीच."

काकू ट्रॉलीपाशी वाकल्या. "चुकलं बाबा माझं," लाल्याला म्हणाल्या. मी शेजारी उभा होतो.

लाल्या गेल्या साली गेला, तसाच भीत. अजून कुणी भित्र्या कुत्र्याचं विचारलं, तर काकू सांगतात — घाई करू नगा, म्या केली होती. मी तिथंच असतो. ऐकून घेतो.