मामाचा आनंदावरचा प्रयोग

दुसऱ्याच्या आनंदावर पाणी ओतायचं काम माझ्या मामाइतकं पद्धतशीर अख्ख्या वसईत कोणी करत नाही, लिहून देते! कॉलेजात संख्याशास्त्र शिकवून रिटायर झाला, आता गास गावात केळीची वाडी बघतो. तिथेही एका ओळीला शेणखत, दुसरीला काहीच नाही, का तर तुलना पाहिजे! कोणी नुसतं म्हणालं की थंड पाण्याने आंघोळ केली की मूड मस्त राहतो, की हा सुरू, "किती लोकांवर तपासलं? गरम पाणीवाले कुठायत? आणि आनंद मोजला कशानं, फूटपट्टीनं?" एकदा फादरनी प्रवचनात सांगितलं, कृतज्ञ माणसं सुखी असतात. यानं त्यांना चर्चच्या दारातच गाठलं, "फादर, उलटंही असेल ना? सुखी आहेत म्हणून कृतज्ञ?" मामीने हाताला धरून ओढत नेला त्याला.

तर मुलगी कॅनडाला गेल्यापासून मामी एकदम गप्प झाली होती. म्हणून मी तिला छान वही आणून दिली. रोज तीन चांगल्या गोष्टी लिही, रिसर्च आहे! मामाने वही काढूनच घेतली. "आधी तपासू." घरच्या-नात्यातल्या आठ जणांच्या चिठ्ठ्या टाकल्या, चौघांनी लिहायचं, चौघांनी नाही, आणि मामी नेमकी न लिहिणाऱ्यांत! मी ओरडले, "अरे मामा, जिच्यासाठी आणली तिलाच नाही?" "बाय, चिठ्ठी म्हणजे चिठ्ठी."

मग महिनाभर संध्याकाळची माळेची प्रार्थना संपली की बाकीच्यांना फोन, आणि मामीसमोर खुर्ची टाकून, "आज आनंद दहापैकी किती? का?" शेवटी काय निघालं? लिहिणारे होते तिथेच, आणि मामी तीनवरून आठवर! मामा डोकं धरून बसला. "न लिहिता वाढलीस कशी?"

"रोज कोनी समोर बसून विचारलं, कशी हाय म्हनून," मामी म्हणाली. "लग्नापासून पहिल्यांदा."

"म्हणजे माझ्या विचारण्यानेच आकडे बिघडले! प्रयोग बाद!" मला तर भिंतीवर डोकं आपटावंसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी माळ संपली. मामी वालाच्या शेंगा सोलत होती. मामा जरा घुटमळला, मग वहीबिही न घेताच खुर्ची ओढून बसला.

"आज किती?"

"चार."

"का गं?"

"पोरीचा फोन नाय आला."

मामाने खुर्ची अजून पुढे सरकवली. मग तिच्या सुपातल्या मूठभर शेंगा उचलून म्हणाला, "माझेपण चारच."