आधी म्हणणारा आणि मागून म्हणणारी

मी शिकवते त्या अलिबागच्या शाळेत मधली सुट्टी चालू होती. गावाहून मासळी घेऊन आलेला शेजारचा पास्कू फाटकापाशी उभा राहिला आणि म्हणाला, “बाय, रोजीआत्या गेली. सकाळी चुलीपाशी बसली होती, तशीच...” रेवदंड्याची खाडी ओलांडून मी गावात पोचले, तेव्हा चर्चची घंटा वाजून गेली होती.

आई गेल्यावर मला आत्याने वाढवलं. ती तरुणपणीच विधवा झालेली, मूलबाळ नाही. संध्याकाळी तिच्या ओटीवर आळीतली माणसं माळेच्या प्रार्थनेला जमत. आत्या आधी म्हणे, बाकीचे मागून. हा मान तिच्याकडे इतकी वर्षं होता, की दुसरं कुणी आधी म्हणेल असं कुणाच्या मनातही येत नसे.

इनास आमच्याच आळीतला. दारूबंदी आल्यावर त्याने केवड्याच्या बनात हातभट्टी लावली. एकदा दारू बिघडली आणि ती पिऊन सांतानचे डोळे गेले. सांतान म्हणजे आमच्या शेजारच्या कातरीनाचा धाकटा भाऊ, होडीवरचा चांगला गडी. इनास तुरुंगात गेला. सुटून आला तो अगदी गप्प होऊन. त्याने फादरांकडे पापकबुली दिली, दारू सोडली. पण त्याला होडीवर कुणी घेईना. तो एकटाच बसून जाळी विणायचा. मिस्साला, रविवारच्या उपासनेला, चर्चच्या दाराशी उभा राहायचा आणि संध्याकाळी आमच्या अंगणात, माडाखाली.

“वर ये रे,” आत्या म्हणाली.

“हितंच बरा हाय, बाय.”

दुसऱ्या दिवशी आत्याने चटई उचलली आणि अंगणात त्याच्या शेजारी अंथरली. मग सगळ्यांनाच खाली यावं लागलं. काही कुरकुरले, पण आले. पुढं दम्याने तिचा आवाज बसू लागला, तेव्हा एका संध्याकाळी ती म्हणाली, “इनास, आज तू आधी म्हण. मी मागून म्हणते.”

कातरीना ताडकन उठली. “माझ्या भावाचे डोळे ज्यानं नेले, त्याच्या मागून मी देवाचं नाव घेऊ? न्हाय जमायचं, रोजीबाय.” ती गेली, तिच्यामागे आणखी चौघीजणी. इनासही उठत होता. आत्याने त्याचा हात धरून त्याला बसवलं.

नंतर मी तिला विचारलं, “आत्ये, दुसरं कुणी नव्हतं का गं?”

तांदूळ निवडता निवडता ती म्हणाली, “‘आम्हा पाप्यांसाठी विनंती कर’ असं माळेत रोज म्हणत आले गो मी. पण मनात सगळे दुसरेच असायचे... आज त्यानं सुरुवात केली, आणि ते म्हणताना पहिल्यांदा मी माझ्यासाठी म्हटलं.”

कातरीनाला समजवायला ती कधी गेली नाही. गेली ती सांतानला भेटायला. दर रविवारी, मिस्सानंतर. कातरीनाने पहिल्याच दिवशी दारात विचारलं, “त्या भट्टीवाल्यासाठी आलीस?” आत्या म्हणाली, “न्हाय. तुझा राग खोटा न्हाय, कातरीन. मी सांतानशी बोलायला आले.” कातरीना बाजूला झाली. पुढं पुढं ती चहाही ठेवू लागली. इनासचं नाव मात्र त्या घरात निघालं नाही, आणि आमच्या अंगणातली माणसं कमीच राहिली. कधी कधी तर इनास आधी म्हणे आणि मागून एकटी आत्या...

आत्याला जाऊन महिना झाला, तेव्हा तिच्यासाठीच्या मिस्साला मी पुन्हा गावी गेले. संध्याकाळी ओटी झाडून दिवा लावला. इनास आला आणि ओटीच्या पायरीशी थांबला. “वर या,” मी म्हटलं, तेव्हा आला. आम्ही पाच-सहाजणच होतो. त्याने सुरुवात केली. तेवढ्यात अंगणात पावलं वाजली. कातरीना होती. तिच्या खांद्यावर हात ठेवून सांतान आला होता.

“इनास कुठं बसलाय?” त्याने विचारलं.

कातरीनानेच त्याला हाताला धरून इनासच्या शेजारी नेऊन बसवलं आणि स्वतः भिंतीला टेकून उभी राहिली. इनासचा आवाज तुटला. पुढचा शब्द त्याला आठवेना...

मग सांतानने जिथं राहिलं होतं तिथून प्रार्थना उचलली आणि इनासचा गुडघा हाताने चाचपत तो म्हणाला, “म्हण पुढं. मी मागून म्हणतो.”