आधी प्रवचन, मग चिठ्ठी

चार वर्षे उत्तरेकडे डॉक्टरकी शिकून मी निजामाच्या मुलखात परत आले, तेव्हा लढाई कोणाशी करायची हे माझ्या मनात पक्के होते. अज्ञान, ताईत-गंडे, पडदा, बायकांना वाटणारी औषधाची भीती. जालन्याला आगगाडीतून उतरून बैलगाडीत बसले, तेव्हा औषधांच्या पेटीवर हात ठेवून मी प्रार्थनासुद्धा केली : प्रभू, या बायकांना दवाखान्याच्या दारापर्यंत तूच आण!

बायका दारापर्यंत आलेल्याच होत्या. तलवाड्याजवळच्या आमच्या मिशनच्या दवाखान्यापुढे दिवस उगवायच्या आत बैल सोडलेल्या गाड्या उभ्या असत. औषधाची भीती वाटणारी बाई मला वर्षभरात दोनदा भेटली असेल. बाकीच्या बायका आणि औषध यांच्यामध्ये उभे होते ते आमचेच लोक!

त्या वर्षातले किस्से सांग म्हणून तुम्ही मैत्रिणी मागे लागता. असे किस्से जमवावे लागत नाहीत. रानातून नुसते चालत यावे, घरी पोहोचल्यावर लुगड्याला दहा कुसळे लागलेली असतात. त्यातली काही उपटून दाखवते.

माणसे थोडीच आहेत. दवाखान्याच्या प्रमुख मिससाहेब, विलायतेच्या. उपदेशक याकोबराव, इथलेच, आवाज खणखणीत. आणि याकोबरावांची बायको सारूबाई. दवाखाना झाडणे, पाणी भरणे, पट्ट्या उकळणे, घरी सहा लेकरांचे सगळे करणे ही तिची कामे. दोन लेकरे पुरलेली, नववे पोटात. पहिल्याच आठवड्यात मी तिची पापणी उलटून पाहिली. आत रक्ताचा टिपूस नव्हता. पाय सुजलेले, पायरी चढली की धाप. बाळंतपणाला दोनच महिने राहिले होते आणि अशीच राबत राहिली तर ते तिला झेपणार नाही, हे सांगायला चार वर्षे शिकावे लागत नाही.

मी याकोबरावांना सांगितले, हिला खाटेवर निजवा.

ते म्हणाले, "रूथबाई, स्त्रियांना आरोग्याचा मार्ग दाखवणारे आपण. उपदेशकाचीच बायको खाटेवर दिसली तर आपली साक्ष काय राहिली?"

*

दवाखान्याचा नियम असा : आधी प्रवचन, मग चिठ्ठी, मग औषध. प्रवचन ऐकले नाही तर चिठ्ठी नाही, चिठ्ठी नाही तर मी रोग्याला हात लावायचा नाही.

प्रवचनाचा विषय होता स्त्रीचे संपूर्ण आरोग्य. याकोबराव एक तिवई पुढे मांडत. "हा पाय म्हणजे देह. हा पाय म्हणजे मन. आणि हा आत्मा! एक पाय मोडला तर तिवई उभी राहील का?" इथे थांबून ते सगळ्यांकडे पाहत. असे तासभर.

एकदा स्तनाला गळू झालेली एक बाई दुखण्यामुळे खाली वाकून बसू शकत नव्हती, म्हणून भिंतीला धरून उभी होती. घामाने चिंब. याकोबराव तिसऱ्या पायावर आले तेव्हा ती म्हणाली, "दादा, तिन्ही पाय चांगले हायत म्हना. मंग मला टेकू द्या की तिच्यावर!"

मी उठून तिला आत नेले आणि गळू फोडले. संध्याकाळी मला जाब विचारला गेला. मी म्हटले, बारा वर्षे रक्त जाणाऱ्या बायबलातल्या त्या बाईला प्रभूने तिथल्या तिथे बरे केले. आधी प्रवचन ऐकून ये, असे काही सांगितले नाही.

याकोबराव म्हणाले, "ते प्रभू होते. त्यांना नियम नव्हते."

*

प्रवचन नुसते ऐकून भागत नसे. "आज काय शिकलात?" असे विचारले जाई, आणि नीट उत्तर देईल तिलाच चिठ्ठी. याकोबराव मिससाहेबांना मोठ्या अभिमानाने सांगत, की या भागातल्या अडाणी बायकासुद्धा आता धडाधड उत्तरे देतात!

देत होत्या खऱ्या. एके दिवशी माजलगावकडून दोन गाड्या आल्या. प्रवचन संपले. पहिल्या बाईला विचारले, काय शिकलात?

"पापी मानूस हरवलेल्या मेंढरावानी अस्तो."

दुसरीला विचारले. "पापी मानूस हरवलेल्या मेंढरावानी अस्तो." तिसरी तेच. चौथी तेच.

याकोबराव गोंधळले. "अहो, पण आज मी मेंढराचं सांगितलंच नाही! आज दिव्याचं सांगितलं!"

बायकांत एकदम गलका झाला. त्यांच्यातली म्हातारी पुढे आली. "बदललं कावून? मागच्या बाजाराला आलेल्या बायांनी मेंढरूच सांगितलं व्हतं. आमी माजलगावपासून पाठ करीत आलो की!"

त्या दिवशी चिठ्ठ्या दिल्या नाहीत. दोन गाड्या तापाने फणफणलेल्या बायकांसकट तशाच परत गेल्या. याला आमच्याकडे शिस्त म्हणत.

*

चिठ्ठीवर पुढच्या बाजूला याकोबराव बोरूने वळणदार अक्षरात एक वचन लिहीत. मागच्या बाजूला मी औषध कसे घ्यायचे ते लिहीत असे. कागद बाईच्या हातात देताना वचनाची बाजू वर हवी, हाही नियम.

हिवतापाची एक बाई आठ दिवसांनी पुन्हा आली. ताप तसाच.

"औषध घेतलं नाही का?" मी विचारले.

"घेतलं की! रोज सकाळी घेतलं."

"बाटली कुठाय?"

"बाटली दाराला टांगलीय. घराला कुनाची नजर लागू नये म्हनून." मग तिने चिठ्ठी काढली. कागद धुऊन धुऊन पांढराफटक. "पान्यात धुतला अन् पिले. पन बाई, तुमची शाई लई फिकी हाय. दर्ग्यावरच्या मुल्लासाहेबांनी दिलेला कागद तीन दिस रंग सोडतो!"

चूक तिची नव्हती. मंतरलेला कागद धुऊन त्याचे पाणी पाजायचे, हा इथला जुना उपाय, हिंदू-मुसलमान सगळ्यांचा. आम्ही तिला तासभर वचनाचा महिमा सांगितला, मोठ्या सन्मानाने कागद हातात दिला आणि बाटलीविषयी एका ओळीत उरकले. तिने काय समजायचे?

मी तावातावाने हे मिससाहेबांना सांगितले. वाटले, आता तरी नियम बदलेल. मिससाहेब गंभीर झाल्या. याकोबराव तर फारच गंभीर झाले. विचार करून म्हणाले, "म्हणजे श्रद्धा आहे तर! शाई मी गडद करून घेतो."

आणि खरेच केली.

*

मिससाहेबांना व्यायामाचे वेड होते. आमच्या बायका आजारी पडतात, कारण त्या मोकळ्या हवेत पुरेशा फिरत नाहीत, असे त्यांचे मत होते. विलायतेहून आलेला एक मोठा तक्ता त्यांनी भिंतीवर लावला. त्यात छत्री घेतलेली एक बाई बागेत चालत होती.

"रोज सकाळी एक मैल चालायचे," मिससाहेब पुस्तकी मराठीत म्हणाल्या. "संथपणे. प्रसन्न मनाने."

पुढे बसलेल्या बाईने हात वर केला. "बाईसाहेब, आमचं पानी दीड कोसावर हाय. जातानाचं मोजायचं का येतानाचं?"

मिससाहेबांनी याकोबरावांना अर्थ विचारला. त्यांनी सांगितले, की बाईला आपला उपदेश फार आवडला.

सारूबाई मागे दोन घागरी घेऊन उभी होती. सगळ्या बायका हसल्या, पण ती हसली नाही. घागरी खाली ठेवायला तिला भिंतीचा आधार घ्यावा लागला आणि तेवढ्यात याकोबराव तिला म्हणाले, "अशी वाकून उभी राहू नकोस. पाहतात लोक."

*

निजवायचे नसेल तर निदान औषध तरी, म्हणून मी सारूबाईसाठी लोहाचे मिश्रण तयार केले. महिनाभर पुरेल एवढी मोठी बाटली. मुंबईहून आलेला साठा संपत आला होता आणि नवा यायला दोन महिने लागणार होते. मी तिला बजावले, जेवणानंतर दोन चमचे, चुकवायचे नाही.

चार दिवसांनी तिची पापणी पाहिली. विचारले, घेतेस ना?

ती म्हणाली, "बाटली न्हाई. ह्यांनी नेली."

"कुठे नेली?"

तहसीलदारांच्या बेगमसाहेबांना अशक्तपणा वाटत होता. त्यांच्या घरचा पडदा कडक. मिशनच्या कोणालाही आजवर त्या घरात पाऊल टाकता आले नव्हते. याकोबरावांनी बाटली रेशमी रुमालात गुंडाळली आणि स्वतः ड्योढीवर, बाहेरच्या पहाऱ्याच्या दारात, नेऊन दिली.

मी ताडताड त्यांच्याकडे गेले. "याकोबराव, ते औषध तुमच्या बायकोचं होतं! तिच्या अंगात रक्त नाही!"

ते अगदी शांत होते. "रूथबाई, सारूला विश्वास आहे. बेगमसाहेबांना तो अजून नाही. म्हणून बाटली तिकडे."

महिन्याभरात बेगमसाहेबांना हुशारी वाटू लागली. त्यांनी दवाखान्यासाठी निरोप पाठवला, "दवा बहुत अच्छी है," आणि सोबत एक कोंबडा. मी म्हटले, निदान याचा रस्सा तरी सारूबाईच्या पोटात जाऊ दे. रस्सा तिनेच केला. त्या दिवशी मिससाहेब याकोबरावांकडे जेवायला होत्या. प्रार्थना फार सुंदर झाली. सारूबाईच्या वाटणीला पातेले आले, घासायला.

*

आता शेवटचा.

हिवाळ्यात विलायतेहून दोन पाहुण्या आल्या. त्यांच्यासाठी स्त्रियांची मोठी आरोग्यसभा भरली. अंगणात मांडव घातला, धर्मापुरीपर्यंतच्या बायका आल्या. मिससाहेब बोलल्या, मग याकोबराव उठले. आज त्यांच्याकडे दाखवायला तक्ता नव्हता, तिवई नव्हती. त्यांनी सारूबाईला पुढे बोलावले.

धुवट पांढरे लुगडे नेसून ती उभी राहिली. नववा महिना लागलेला. चेहरा लुगड्याच्याच रंगाचा.

"ही पाहा ख्रिस्ती स्त्री!" याकोबराव म्हणाले. "आठ बाळंतपणं झाली. पण एक दिवस, एक दिवससुद्धा ही खाटेवर पडली नाही! कशाच्या बळावर?"

मिससाहेबांनी पाहुण्यांना इंग्रजीत समजावले. दोघींनी टाळ्या वाजवल्या. मांडवातल्या बायका मात्र सारूबाईच्या पायांकडे पाहत होत्या. एक जण शेजारणीला म्हणाली, आणि चांगली ऐकू येईल अशी म्हणाली, "आगं, घोटा दिसंना बाईचा!"

पाहुण्यांपैकी थोरल्या बाईने सारूबाईला एक प्रश्न विचारला. मिससाहेबांनी तो मराठीत सांगितला : "सारूबाई, या विचारतात, की या दवाखान्याने तुम्हाला काय दिले?"

याकोबराव तिच्यासाठी उत्तर देणार होते. त्यांनी तोंड उघडलेही होते. पण सारूबाई बोलली. चार माणसांत ती बोललेली मी कधी ऐकली नव्हती.

"बाईसाहेब," ती म्हणाली, "हितं प्रवचन ऐकलं की चिठ्ठी मिळती, अन् चिठ्ठी दावली की दवा मिळती. म्या धा वर्सं ऐकते. हितं रोज ऐकते, रातच्याला जेवताना घरी ऐकते. मेंढरू पाठ हाय, दिवा पाठ हाय, तिवईचे तिन्ही पाय पाठ हायत. मला चिठ्ठी कवा मिळंल, तेवढं इचारा की ह्यांना."



पाहुण्यांनी मिससाहेबांकडे पाहिले. मिससाहेबांना या वेळी सगळे कळले होते. त्या जरा लाल झाल्या आणि इंग्रजीत म्हणाल्या, "ती म्हणते, की मी फार कृतज्ञ आहे."

पुन्हा टाळ्या! सारूबाई खाली बसली. म्हणजे बसली असे पाहुण्यांना वाटले. मी धावत गेले तेव्हा तिचे हात बर्फासारखे गार होते.

सभा संपल्यावर मी मिससाहेबांकडे गेले. त्या म्हणाल्या, प्रकरण मिशनच्या कमिटीपुढे ठेवू. कमिटी दोन महिन्यांनी बसणार होती. याकोबराव म्हणाले, गर्दीने तिला घेरी आली, उद्या ठीक होईल.

दुसऱ्या दिवशी सकाळी सारूबाई नेहमीप्रमाणे दवाखाना झाडायला आली. मी तिच्या हातातली केरसुणी काढून घेतली, तिला माझ्या खोलीत नेले आणि माझ्या खाटेवर निजवले. ती दोनदा उठून बसली, मी दोनदा आडवी केली. मग दार ओढून घेतले आणि बाहेर उंबऱ्यावर बसले.

थोड्या वेळाने याकोबराव आले. "सारू कुठाय?"

"निजलीय."

"उठेल कधी?"

"बाळंत होऊन सव्वा महिन्यानं."

"कमिटीनं ठरवलं का हे?"

"मी ठरवलं."

"मिससाहेबांना विचारलंत?"

"न्हाई," मी म्हटले. आमच्या बायकांसारखेच आले तोंडातून.

अंगणात बायकांची रांग लागलेली होती आणि रांगेतली एकूण एक बाई ऐकत होती. याकोबराव तिकडे पाहत खालच्या आवाजात म्हणाले, "आणि घरी पाणी?"

मी शेजारची रिकामी घागर उचलून त्यांच्या हातात दिली.

ती त्यांनी थोडा वेळ तशीच धरली. मग खांद्यावर ठेवली, जरा चाचपली आणि विहिरीच्या वाटेला लागले. रांग आपोआप बाजूला सरली. कोणी हसले नाही. फक्त एक म्हातारी दोन पावले त्यांच्या मागे गेली आणि अगदी मायेने म्हणाली,

"उपदेशक, खांद्यावर न्हाई, कमरंवर घ्या. भरल्यावर लई जड होती."