मास्तरांची दृष्ट

आम्ही दोघांनी शेवटचं काय केलं, तर पावटे सोलले. समोरचे इंग्रजीचे रिटायर्ड मास्तर दारात उभे होते. दिसेल त्याला इंग्रजी शब्द लावायचा आणि मग त्या शब्दाचं कूळ सांगत बसायचं, ही त्यांची खोड.

"वहिनी, कालच्या उसळीनं फॅसिनेट केलं! म्हणजे भुरळ घातली. मूळ लॅटिन. अर्थ, दृष्ट लावणं."

"म्हणजे माझ्या उसळीला दृष्ट लावलीत?" ही हसली.

"दृष्ट थोतांड हो! मी शब्दाचं सांगतोय."

"मास्तर, उसळ हवी तर वाटी आणा," मी म्हटलं.

संध्याकाळी छातीत कळ येऊन ही गेली.

दुसऱ्या सकाळी मास्तर आले. मुठीत मीठमोहरी.

"किती वेळा ओवाळतात हो?"

मला काय ठाऊक? ते ही करायची.

मग ते माझ्यावरून ओवाळतच राहिले.