दुसरा भाग, परत येणाऱ्यांना

आमच्या बाईंनी एकही गोष्ट एका दिवसात संपवली नाही. ढोकीजवळ ऊसतोड्यांच्या पाचटाच्या कोप्या पडायच्या, तिथल्या साखरशाळेत त्या एकट्याच शिकवायच्या. गोष्ट ऐन रंगात आली की पदर खोचून उठायच्या आणि म्हणायच्या, "ऱ्हायलेली उद्या. येईल त्याला." हा डाव आम्हाला कळत होता. तरी आम्ही जायचो.

एका हंगामात त्यांनी शाळेत समुद्र आणला. खिडक्यांना पोती, भिंतीला घरची चादर, आणि तिच्यावर देवमाशांचा कार्टून सिनेमा. हिंदी आम्हाला अर्धवट कळायची, म्हणून बाई मध्येच थांबवून मराठीत सांगायच्या. समुद्र त्यांनीही पाहिला नव्हता. पण थाट असा, की उमरग्याला त्यांच्या घरामागेच तो आहे. देवमाशांचा कळप ऊन पाण्याकडं निघाला तेव्हा कुणीतरी म्हणालं, "बाई, ह्यांची बी टोळी हाय. म्होरला मुकादम." कारखान्याचा हंगाम संपला की आम्ही 'पट्टा पडला' म्हणतो. मी विचारलं, "ह्यांचा पट्टा कधी पडतो?" बाई हसल्या नाहीत. "तिकडं उन्हाळा लागला की," म्हणाल्या.

आमचा पट्टा पडला, बिऱ्हाडं ट्रकमध्ये चढली, तेव्हा त्यांनी जाहीर केलं, "ह्याचा दुसरा भाग आलाय. परत येतील त्यांनाच दावीन."

मी परत आले ती कोयता घेऊन. आईची कंबर गेली होती. तोडीला माणसं जोडीनं लागतात. आईच्या जागी मी, तेरा वर्षांची. बाई तरातरा उसाच्या फडात आल्या. माझे वडील, म्हणजे अण्णा, म्हणाले, "बाई, जोडी मोडली तर आमी खावं काय?" त्यांचंही खोटं नव्हतं. बाईंनी वाद घातला नाही. "बाजारच्या दिवशी तोड नसती. तेवढं धाडा. तुमी बी या."

अण्णा आले, दाराशी उकिडवे बसले. दुसऱ्या भागात पिल्लू मोठं झालं होतं. कळप निघायच्या वेळी ते एका खाडीत अडून बसतं, आई मागं वळून बघते, आणि बाईंनी सिनेमा बंद केला. पोरांनी कालवा केला. अण्णा उठून उभे राहिले.

"मग? पिल्लू मागं ऱ्हायलं का टोळीसंगं गेलं?"

"पोरीला रोज धाडा," बाई म्हणाल्या. "ती सांगंल."

कोपीवर आईच बोलली, "म्या येते फडात. तिला जाऊ द्या." दुसऱ्या दिवशी तिनं कमरेला फडकं आवळलं आणि अण्णांच्या मागून गेली.

बाई रोज जेमतेम पाच मिनिटं दाखवायच्या, बाकी वेळ गणितं. संध्याकाळी भाकरी थापताना मी पुढचं सांगायचे. आई पडून ऐकायची, अण्णा हुंकार द्यायचे. पिल्लू मागंच राहिलं, हे सांगितलं त्या दिवशी अण्णा कितीतरी वेळ चुलीत काटक्या सारत बसले. मग म्हणाले, "ऱ्हाऊ दे."

हंगाम सरताना बाईंनी धाराशिवच्या वसतिगृहात माझं नाव घातलं. आज मी नर्स आहे ती या बाईंमुळं; कुणीही विचारावं, मी ठणकावून सांगते. निघताना त्यांच्या पाया पडायला वाकले, तर त्यांनी माझे खांदे धरले.

"माझ्या न्हाय. मी नुसता सिनेमा दावला. तुझ्या जागी ऊस कुणी तोडला?"

आई ट्रकपाशी उभी होती. तिला आता सरळ उभं राहता येत नव्हतं. मी तिच्या पाया पडले.