कोटावरच्या चार भाषा

माझ्या मुलीने आमच्या भाषेला दगा दिला, तेही पॅरिसमध्ये, माझ्या डोळ्यांदेखत.

तिच्या नामांकित विद्यापीठात पालकांसाठी चहापान होतं. तिथली पद्धत अशी, की प्रत्येकाने नावाखाली आपल्याला येणाऱ्या भाषा लिहून ते कार्ड कोटावर लावायचं. बैलबाजारात दात बघावेत तशी ही पोरं एकमेकांची कार्डं बघत होती. वाक्य फ्रेंचमध्ये सुरू करायचं, स्पॅनिशमध्ये संपवायचं, आणि सांगायचं काय, तर कॉफी गार झाली! मी एका भाषेवर अख्ख्या बाजार समितीशी भांडून उभा राहिलोय.

मुलीच्या कार्डावर चार भाषा होत्या. मराठी नव्हती.

"मराठी कुठंय?"

"बाबा, ती घरातली. ती कुठे मोजतात?"

"कोण मोजत नाही? बोलाव त्याला!"

"हळू बोला ना, सगळे बघतायत!" ती दबक्या आवाजात म्हणाली. मराठीतच.

रोजची भांडी पाहुण्यांपुढे मांडत नाहीत, हे मलाही कळतं. पण भात त्यांतच शिजतो. बापाला गप्प करायला जी भाषा चालते, ती कोटावर का चालत नाही, याचा जाब तिने मला द्यावा.